रोजची वंदना, रोजचं शील: आमच्या विहारात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यात, विट्याजवळच्या आमच्या गावात दर रविवारी सकाळी बुद्धविहारात वंदना होते. वंदना झाली की सतरंजीवरच तासभर बोलत बसतो. मी अंगणवाडीत काम करते आणि रविवारचा हा वर्ग गेली नऊ वर्षं बघते. माणसं बदलतात, पण प्रश्न तेच येतात. जे सगळ्यांसमोर विचारायला लाजतात ते चपला घालताना हळूच विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे लिहून ठेवते आहे. उत्तरं एका संसारी उपासिकेची आहेत, तशीच वाचावीत.

रोज किती वेळ द्यायचा?

नव्यानं येणारा माणूस बहुतेक वेळा मोठा आकडा घेऊनच येतो. "ताई, उद्यापासून पहाटे चारला उठून तासभर बसणार." मी विचारते, आज किती वाजता उठलात? सात वाजता. मग उद्या चारला कसे उठाल? दोन दिवस उठाल, तिसऱ्या दिवशी गजर बंद कराल आणि चौथ्या दिवशी विहाराच्या वाटेनं जायचं टाळाल. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. माणूस वंदनेला कंटाळून सुटत नाही. दिलेला शब्द मोडला याची लाज वाटते, म्हणून तो सुटतो.

म्हणून मी एकच माप सांगते. कुणी विचारलं तर मान वर करून खरं सांगता येईल, एवढाच नेम घ्या. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणं) आणि पंचशील (वागण्याचे पाच नियम) घाई न करता म्हणायला चार-पाच मिनिटं लागतात. उरलेली पाच मिनिटं डोळे मिटून येणारा-जाणारा श्वास बघायचा. हे सहा महिने टिकलं, तर वाढवायचं की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

दहा पारमिता, म्हणजे अंगी बाणवायचे दहा गुण, आपण सगळे ऐकतो. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दहा पारमितांचं पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या यादीत सत्य आणि अधिष्ठान एकमेकांना लागून येतात. अधिष्ठान म्हणजे केलेला निश्चय न सोडणं. मला या शेजाराचा फार आधार वाटतो. खरेपणा नसेल तर निश्चय हट्टाकडे जातो, आणि निश्चय नसेल तर खरेपणा नुसता बोलण्यात राहतो.

वंदना तोंडपाठ आहे, पण म्हणताना मन दूध डेअरीत आणि गॅसवर असतं. मग ती खोटी होते का?

खोटी होत नाही, अर्धी होते. अर्धी होते आहे हे तुमच्या लक्षात आलं, म्हणजे तुमचा हेतू खरा आहे. ज्याला फरकच पडत नाही तो हा प्रश्न विचारत नाही.

धम्मपदात, म्हणजे बुद्धवचनांच्या गाथासंग्रहात, यावर एक गाथा आहे: "बहुम्पि चे संहितं भासमानो, न तक्करो होति नरो पमत्तो। गोपोव गावो गणयं परेसं, न भागवा सामञ्ञस्स होति॥" पुष्कळ वचनं पाठ म्हणतो पण त्याप्रमाणे वागत नाही, असा बेसावध माणूस दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्या गुराख्यासारखा असतो. आमच्याकडे घरटी एखादी म्हैस असते, त्यामुळे हे समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याची जनावरं दिवसभर राखली तरी संध्याकाळी डेअरीच्या पुस्तकात आपल्या नावावर दूध चढत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. अख्खी वंदना एकदम सुधारायला जाऊ नका. आठवड्याला एकच ओळ घ्या आणि तिचा अर्थ नीट समजून घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि". प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचा शिक्षानियम मी ग्रहण करतो. ही ओळ आली की थांबायचं, एक श्वास घ्यायचा आणि पुढं जायचं. बाकीची वंदना सवयीनं झाली तरी चालेल. पुढच्या आठवड्यात दुसरी ओळ. अशानं पंचशीलाचे पाच आठवडे होतात. आमच्या वर्गातल्या एका आजींना अक्षरओळख नव्हती. त्यांनी याच पद्धतीनं बुद्धवंदनेचा अर्थ दोन पावसाळ्यांत आपलासा केला, आणि आता त्या नव्या सुनांना शिकवतात.

रोज पंचशील घेतो आणि रोज त्यातलं काहीतरी मोडतो. मग घ्यायचंच कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा खाली गेलेला असतो. दारूचं शील असतं, किंवा खोटं बोलण्याचं.

पालीतला शब्द नीट बघा. "सिक्खापद" म्हणजे शिकण्याचं पाऊल. शब्दातच शिकणं आहे. पहिलीतलं पोर रोज "अ" काढतं आणि रोज तो वाकडा येतो, म्हणून आपण पाटी काढून घेत नाही. पण पोरानं वाकड्या अक्षराला सरळ म्हटलं, तर ते शिकायचं थांबतं. पंचशीलाचंही तसंच. मोडलं तर मोडलं असं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचं. मोडून "तसं काही नाही" म्हणणं ही जास्त धोक्याची गोष्ट.

बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, नेमकं हेच शिकवलं. मज्झिम निकायातल्या अम्बलट्ठिका राहुलोवाद सुत्तात त्याची कथा आहे. पाय धुतल्यावर भांड्यात थोडंसं पाणी ठेवून बुद्धांनी राहुलला विचारलं, हे थोडं पाणी दिसतंय का? जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यातलं श्रमणपण, म्हणजे साधकपण, एवढंच असतं. मग ते पाणी ओतून टाकलं. मग भांडं पालथं केलं. मग पुन्हा सरळ करून रिकामं दाखवलं. प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगितली. पुढं आरशाचं उदाहरण आहे: आरसा जसा बघण्यासाठी, तसं काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघावं, याचं दुःख मला किंवा दुसऱ्याला होणार आहे का? सम्राट अशोकानं बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे जे धम्मग्रंथ सांगितले, त्यात राहुलला खोटेपणाविषयी केलेल्या या उपदेशाचं नाव आहे.

दारूबद्दल एक गोष्ट वेगळी सांगते. ज्यांना रोज लागते त्यांनी एकट्याच्या निश्चयावर विसंबू नये. बऱ्याच वर्षांची सवय असेल आणि ती एकदम तोडली, तर थरथर, भास आणि फिट येऊ शकते. डॉक्टरांना दाखवूनच सोडावी. औषध घेऊन दारू सोडल्यानं शील कमी होत नाही.

मधेच मोठा खंड पडला. परत यायला तोंड नाही.

माझाही पडला होता. आई अंथरुणाला खिळली तेव्हा रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागायची, सकाळी अंगणवाडी असायची आणि संध्याकाळी स्वयंपाक. ती गेल्यानंतरही मी बसले नाही. सगळे मिळून सात महिने गेले. त्या सात महिन्यांत रविवारी मात्र विहारात पुढं बसून वंदना मीच सांगत होते. लोकांना सांगत होते, रोज बसा, रोज बसा. एका मुलीनं विचारलं, "ताई, तुम्ही किती वाजता बसता?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाचला."

घरी येऊन मी बराच वेळ चुलीपुढं बसून राहिले. नेम मोडला त्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं त्या एका शब्दाचं वाटलं. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी सगळ्यांना खरं ते सांगितलं. कुणी काही बोललं नाही. त्या मुलीची आई उठून माझ्याजवळ येऊन बसली. त्या संध्याकाळी घरी मेणबत्ती लावली, तीन वेळा "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं आणि उठले. पंधरा दिवस तेवढंच केलं. मग पंचशील, मग श्वास.

म्हणून खंड पडलेल्यांना सांगते: राहिलेल्या दिवसांची भरपाई करायला जाऊ नका. सात महिन्यांची वंदना एका आठवड्यात भरून निघत नाही, आणि कुणी ती मागतही नाही. नेम पूर्वी जेवढा होता त्याच्यापेक्षा लहान करून धरा. आणि एका माणसाला खरं सांगा. कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण सांगा.

खूप जोर लावला तर लवकर फळ मिळेल ना?

सोण नावाचा एक श्रीमंत घरचा, नाजूक अंगाचा तरुण भिक्खू झाला. चालत ध्यान करताना त्याचे तळवे फुटून रक्त आलं. तरी काही साधेना. घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्धांनी विचारलं, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तारा जास्त ताणल्या तर सूर लागायचा? नाही. सैल सोडल्या तर? तरी नाही. तसंच वीर्याचं, म्हणजे प्रयत्नाचं आहे.

विट्याच्या बाजूची माणसं हे दुसऱ्या एका धंद्यावरून ओळखतात. खानापूर, आटपाडी भागातले किती तरी लोक सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगले आहेत. आमच्या शेजारचे तात्या वीस वर्षं तमिळनाडूत गलाईच्या दुकानात होते. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर जुन्या चटक्याचे पांढरे डाग आहेत. ते सांगतात, मुशीत चांदी वितळली की मळ वर येतो. तो काढायचा, परत तापवायचं, परत काढायचा. घाईनं मोठा जाळ केला म्हणून चांदी लवकर शुद्ध होत नाही, आणि मधेच भट्टी विझू दिली तर सगळं पहिल्यापासून. धम्मपदातली गाथा मी त्यांना वाचून दाखवली: "अनुपुब्बेन मेधावी, थोकं थोकं खणे खणे। कम्मारो रजतस्सेव, निद्धमे मलमत्तनो॥" शहाण्यानं क्रमाक्रमानं, थोडं थोडं, क्षणोक्षणी आपला मळ काढावा, जसा कारागीर चांदीचा काढतो. तात्यांनी ती परत वाचायला लावली. "हे आमच्या धंद्यातलंच आहे की," म्हणाले. त्या रविवारपासून ते वर्गाला येतात.

सुधारणा होतेय हे कसं ओळखायचं?

बसल्यावर प्रकाश दिसला का, अंग हलकं झालं का, यावर मी कधी जात नाही. माझं बघणं घरात असतं. गेल्या वर्षी सुनेवर ओरडल्यावर बोलायला दोन दिवस लागायचे, आता संध्याकाळी बोलता येतं का? दुकानदारानं चुकून दहा रुपये जास्त दिले तर हात आपोआप परत करायला जातो का?

आणि ते रोज दिसत नाही. संयुक्त निकायात सुताराच्या वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, दांड्याचं उदाहरण आहे. दांड्यावर बोटांचे आणि अंगठ्याचे वळ उमटलेले दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे सुताराला सांगता येत नाही. पण झिजला हे त्याला ठाऊक असतं. आमच्या घरी माझ्या सासूबाईंचं खुरपं आहे. त्याच्या मुठीला अंगठ्याच्या जागी खोलगट भाग झाला आहे. माझा अंगठा तिथं बरोबर बसत नाही, कारण तो खड्डा त्यांच्या हातानं पडला आहे. भांगलणीच्या किती पाळ्यांत तो पडला असेल, कुणालाच सांगता येणार नाही.

दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंच पाहिजे का?

केलंच पाहिजे असं नाही. जमत असेल तर जरूर करा. गोयंका गुरुजींच्या परंपरेत शिबिराची फी नसते, ते दानावर चालतं. पहिले तीन दिवस आनापान म्हणजे श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, आणि नऊ दिवस मौन. पण घरी आल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात, आणि बहुतेकांचं तिथंच अडतं. शिबिर करून आल्यावर अर्धा तासच जमत असेल तर अर्धा तास बसा आणि अर्धा तास बसतो असंच सांगा.

बाबासाहेबांनी धम्म समाज बदलण्यासाठी दिला. डोळे मिटून बसणं ही पळवाट नाही का?

हा प्रश्न बहुतेक तरुण पोरं विचारतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. ज्या जिल्ह्यांत आपण राहतो तिथल्याच मातीत बाबासाहेबांचं बालपण गेलं. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचं नाव दाखल झालं. त्यांच्या आई भीमाबाई साताऱ्यातच गेल्या. मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावांची आणि त्यांच्या सोबतच्या मुलांची जात कळल्यावर कुणी बैलगाडी हाकायला तयार झालं नाही, वाटेत पाणीही मिळालं नाही. हे मसूर आपल्या कऱ्हाड तालुक्यातलं. एवढं ऐकून ज्याच्या पोटात काही हलत नाही त्यानं कितीही ध्यान केलं तरी मला त्याची काळजी वाटेल.

पण पुढचं बघा. येवल्याला 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केलं. नागपूरला दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला. मधे 21 वर्षं आणि एक दिवस. रागाच्या भरात धर्म बदलायचा असता तर येवल्याहून परततानाच बदलता आला असता. त्यांनी 21 वर्षं वाचलं, तपासलं आणि दिलेला शब्द धरून ठेवला. अधिष्ठान म्हणजे काय ते मला इथं सगळ्यात स्पष्ट दिसतं. सकाळची दहा मिनिटं मोर्चाच्या जागी नाहीत. मोर्चात गेल्यावर शेजारच्या बाईला धक्का न देता आणि खोटी बातमी पुढं न ढकलता उभं राहता यावं, त्याची ती तयारी आहे. अर्ज लिहायला बसलात तर नीट लिहा, ग्रामसभेला शेवटपर्यंत थांबा. तीही साधनाच आहे.

घरचे साथ देत नाहीत. कुणी हसतं, कुणी देव्हाऱ्यातले देव काढू देत नाही.

सासूबाईंच्या हातातला देव हिसकावून विसर्जन करणारे मी पाहिले आहेत. त्या घरात पुढं दोन वर्षं कुणी कुणाशी बोललं नाही. बावीस प्रतिज्ञा तुम्ही घेतल्या असतील तर तुमचे हात नवसाला जोडू नका. गुपचूप जत्रेत नारळ फोडून रविवारी विहारात पुढं बसणं मात्र थांबवा. पण दुसऱ्याचा विश्वास जबरदस्तीनं काढता येत नाही. तुमचं वागणं बदललेलं दिसलं तर घरची माणसं स्वतःच विचारायला लागतात. माझ्या सासूबाईंनी अकरा वर्षांनी विचारलं.

ऊसतोडीला, परगावी किंवा पुराच्या दिवसांत नेम कसा टिकवायचा?

मूर्ती, फोटो, मेणबत्ती हे सगळं नसलं तरी चालतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा माझी बहीण मुलांना घेऊन एका शाळेत सहा दिवस होती. एका वर्गात चाळीस माणसं. ती रात्री मुलांना थोपटताना मनात त्रिशरण म्हणायची आणि दिवसा भाकरीच्या रांगेत म्हाताऱ्यांना पुढं घालायची. वेगळं बसायला जागाच नव्हती.

कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. एकदा जाऊन या. लहान लहान खोल्या, भिंतीला दगडी ओटा. नक्षीकाम फार नाही. पावसाळ्यात वर्षावासाला थांबणाऱ्या भिक्खूंना तेवढं पुरायचं.

मोबाइलवर वंदना लावून ठेवली तर चालते का?

चाल शिकायला चालते. तुमच्या जागी मोबाइलनं म्हटली तर ती मोबाइलची वंदना.

मुलांना सवय कशी लावायची?

बळजबरीनं बसवू नका. त्यांना काम द्या: फूल आणणं, मेणबत्ती लावणं, सतरंजी घालणं. राहुलच्या भांड्याची गोष्ट मी अंगणवाडीतसुद्धा तांब्या घेऊन करून दाखवते. तांब्या पालथा केला की पोरं टाळ्या वाजवतात, आणि मग एखादं हळूच सांगतं की काल खडू त्यानंच मोडला. त्या वेळी रागवायचं नाही. मुलापुढं आपण कधी खोटं बोललो असू, तर तेही सांगायचं. हे मोठ्यांना फार जड जातं.

एकट्यानं करावं की चौघांत?

दोन्ही. आनंद एकदा बुद्धांना म्हणाले, चांगल्या मित्रांची सोबत म्हणजे अर्धं ब्रह्मचर्यच, म्हणजे अर्धं धम्मजीवनच आहे. बुद्ध म्हणाले, असं म्हणू नकोस आनंदा, ती पूर्ण ब्रह्मचर्य आहे. निदान पौर्णिमेला विहारात या. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आमच्याकडे रोज रात्री "बुद्ध आणि त्यांचा धम्म" ग्रंथाचं वाचन होतं. कुणी अर्ध्यातून आलं तरी जागा करून देतो.

वाहिलेल्या फुलांचं काय करायचं?

हे बहुतेक नव्या सुना विचारतात. फूल वाहताना जी गाथा म्हणतो तिच्यातच ते आहे: "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल जसं कोमेजतं, तसंच हे शरीरही नाशाकडे जातं. म्हणून सुकलेलं फूल लगेच लपवून टाकू नका, संध्याकाळपर्यंत बुद्धमूर्तीपुढं राहू द्या आणि बसल्यावर एकदा त्याच्याकडे बघा. आमच्या विहाराच्या मागं जास्वंदीचं झाड आहे. आठवड्याची फुलं आम्ही रविवारी त्याच्या बुडाशी टाकतो, वर थोडी माती ओढतो, आणि वंदनेसाठी नवं फूल त्याच झाडाचं तोडतो.